कंपनीने बंद केलेलं बैकल ४६एम: विकायचं की वापरायचं?

प्रश्न अमळनेरच्या एका वडिलांचा आहे. मुलगी अकरावीत आहे, १० मीटर एअर पिस्तूल खेळते, क्लबच्या सरावात ६०० पैकी ५२० च्या आसपास गुण करते. पिस्तूल रशियन बनावटीचं, बैकल ४६एम, एका मोठ्या खेळाडूकडून सेकंडहँड घेतलेलं. सील बदलायला म्हणून ते दुकानात नेलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय. पार्ट येत नाहीत, आता हे भंगार. वर पैसे घाला आणि हे सिलिंडरवालं जुनं पिस्तूल घेऊन जा." पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, "भाऊ, आते काय करानं?"

भाऊ, दुकानदाराचं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं अर्धं खरं आहे आणि तिसऱ्यासाठी बाकीची दोन बोलली गेली आहेत. पिस्तूल विकू नका. निदान त्या सौद्यात तरी नको.

आधी मॉडेल बंद का झालं ते सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. कोणतीही वस्तू दोन कारणांनी बंद होते: एक, ती वाईट निघाली म्हणून, दुसरं, बाजार पुढे गेला म्हणून. ४६एम दुसऱ्या जातीतलं. हे इझेव्स्कच्या कारखान्यातलं पिस्तूल. 'बैकल' हे तिथलं बाजारातलं नाव. नंतरच्या नगांवर एमपी-४६एम असा छाप दिसतो, पण वस्तू तीच. २०१३ मध्ये इझेव्स्कचे दोन मोठे शस्त्रकारखाने एकत्र करून कलाश्निकोव्ह नावाखाली एक कंपनी उभी राहिली. २०१४ च्या जुलैत अमेरिकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि या पिस्तुलाचं एक मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. त्याच्या बऱ्याच आधीपासून स्पर्धेतले खेळाडू एकदाच दाबायच्या पिस्तुलाकडून सिलिंडरच्या पिस्तुलाकडे वळले होते. वरच्या पातळीवर सगळे स्टायर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर या युरोपीय कंपन्यांची पिस्तुलं घेऊन उभे, आणि खालच्या पातळीवर स्वस्त माल विकून कारखान्याला मिळणार काय? त्यामुळे ते बंद झालं. नेम चुकतो अशी तक्रार त्यात कुठेच नव्हती. फाइनवेर्कबाऊचं ६५ नंबरचं पिस्तूल त्याच्याही आधी बंद झालं, आणि ते ज्यांच्याकडे आहे ते आजही सहजासहजी हातचं सोडत नाहीत.

आता पिस्तुलाच्या पोटात काय आहे ते बघू. ४६एममध्ये साठवलेली हवा नसते. नळीखालची, म्हणजे बॅरलखालची, लीव्हर पुढे ओढायची, परत जागेवर आणायची, त्या एका दाबात आतल्या नळकांड्यातली साधी बाहेरची हवा दाबली जाते आणि ट्रिगर ओढला की तीच हवा पेलेटला, म्हणजे छर्ऱ्याला, ढकलते. नेमका इथेच दुकानदाराचा सौदा उघडा पडतो. सिलिंडरवाल्या पिस्तुलात २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) हवा भरलेली वेगळी नळी, म्हणजेच सिलिंडर, असते, आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्या नळीचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं. तारीख नळीवर कोरलेली असते. तारीख उलटलेली नळी स्पर्धेत चालत नाही आणि ती वैध ठेवायची जबाबदारी खेळाडूची, आयोजकांची नाही. म्हणजे सिलिंडरवालं मॉडेल बंद पडलं आणि त्याच्या मापाची नवी नळी मिळेनाशी झाली, तर अख्खं पिस्तूल तारखेच्या दिवशी निकामी होतं, बाकी यंत्रणा सोन्यासारखी असली तरी. ४६एमला तारीखच नाही. त्याच्या आत वेळ झाली की मरणारी वस्तू म्हणजे रबराच्या दोन-चार रिंगा.

त्यामुळे "बंद पडलेलं मॉडेल घेऊ नका" हा सल्ला सरसकट खरा नाही. बंद पडलेल्या मॉडेलमधला कोणता भाग आधी संपणार आणि तो कंपनीशिवाय मिळतो का, एवढंच विचारायचं. दुकानदार तुम्हाला संपत आलेलं पिस्तूल देऊन न संपणारं घेऊ बघतोय. त्याला हे माहीत नसेल असं मी म्हणणार नाही.

पार्टचं बोलू. या पिस्तुलात झिजतं काय? पिस्टनच्या डोक्यावरची ओ-रिंग, ब्रीचची (पेलेट घालायच्या जागेची) सील, व्हॉल्व्हची सील. नंतर कधीतरी लीव्हरच्या सांध्यातली पिन. बाकी नळी, ट्रिगरचे भाग, साइट (नेम धरायची पट्टी) हे सगळं जाड पोलादाचं आणि मजबूत आहे. दोन पिढ्या खेळतील. ओ-रिंग ही काही खास रशियात बनणारी वस्तू नाही. जुनी रिंग काढून आतला व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजा, आणि जळगाव एमआयडीसीत हायड्रॉलिक-न्यूमॅटिकचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात जा. फक्त एक लक्षात ठेवा. जुनी रिंग चपटी झालेली असते, म्हणून तिची जाडी कमी भरते. मोजमाप आलं त्याच्या वरचं प्रमाणित माप आणि त्याच्या आसपासची एक-दोन मापं अशा जास्तीच्या रिंगा घ्या आणि बसवून बघा. किंमत इतकी किरकोळ आहे की दहा घेतल्या तरी खिशाला कळत नाही. रबर साधं काळं नायट्रिल चालतं, पॉलियुरेथेन मिळालं तर जास्त टिकतं. ठिबकच्या फिटिंगमधलं रबर कापून बसवू नका. हसू नका, मी तसं पिस्तूल उघडलेलं आहे. पाण्याचा दीड-दोन किलोचा दाब आणि हा दाब यांत फार अंतर आहे.

पिन झिजली असेल तर भुसावळ-वरणगावकडे चौकशी करा. वरणगावला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, भुसावळलाही ऑर्डनन्स फॅक्टरी, शिवाय रेल्वेची वर्कशॉप. तिथून निवृत्त झालेले फिटर आणि टर्नर घरी लेथ टाकून बसलेले सापडतात. अशा माणसाला जुनी पिन आणि भोक दोन्ही दाखवलं की तो शतांश मिलिमीटरात नवी पिन उतरवून देतो. शहरातल्या 'ऑथोराइज्ड सर्व्हिस'पेक्षा माझा भरवसा या माणसांवर जास्त आहे. मात्र त्याच्याकडून ट्रिगरच्या आतले भाग घासून घेऊ नका. "थोडं हलकं करून देतो" असं कोणीही म्हटलं तरी नको. त्या भागांवरचा कडक थर एकदा गेला की ट्रिगर आपोआप सुटायला लागतो, आणि तो भाग मात्र लेथवर होत नाही.

तुमच्या पिस्तुलाची सील खरोखर गेली आहे का, हे आधी तपासा. वेग मोजायचं यंत्र नसेल तरी चालतं. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून पिस्तूल टेकवा. एका कागदावर पाच पेलेट हवा दाबल्या दाबल्या मारा. दुसऱ्या कागदावर पाच पेलेट, प्रत्येक वेळी हवा दाबून एक मिनिट थांबून मारा. थांबताना नळी लक्ष्याकडेच आणि बोट ट्रिगरबाहेर. दोन्ही कागदांतले ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, एकाच उंचीवर आले तर सील ठणठणीत आहे. दुसरा ग्रुप खाली सरकला तर हवा गळतेय.

किती खाली, याचा ढोबळ हिशेब करून दाखवतो. चांगल्या ४६एममधून पेलेट साधारण १४० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतं. १० मीटर जायला त्याला सेकंदाच्या चौदाव्या भागाइतका वेळ लागतो आणि तेवढ्यात ते सुमारे २५ मिलिमीटर खाली पडतं. साइट याच हिशेबाने लावलेली असते. गळतीने वेग १२० वर आला तर पडण्याचं अंतर ३४ मिलिमीटर होतं. फरक ९ मिलिमीटर. १० चं वर्तुळ अवघ्या ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. मधोमध बसलेलं पेलेट ९ मिलिमीटर खाली सरकलं की ते थेट ९ मध्ये. आणि सील एकसारखी गळत नाही. एकदा जास्त, एकदा कमी. मग मुलगी म्हणते माझा होल्ड (रोखलेला हात) हलतोय, प्रशिक्षक म्हणतो लक्ष नाही, आणि दोष असतो एका रबराच्या रिंगेचा. तुमची मुलगी खालच्या बाजूला ८ आणि ७ जास्त मारत असेल, तर तिला बोलण्याआधी ही परीक्षा करा.

तेल. खानदेशात घरोघरी शिलाई मशीनचं तेल असतं आणि प्रत्येक कुरकुरणाऱ्या वस्तूला तेच घातलं जातं. सीलला ते नको. खनिज तेलाने काही रबरं फुगतात, मऊ पडतात. सिलिकॉन तेलाचा एक थेंब, पिस्टनच्या रिंगेवर बोटाने पुसून, बस. सांध्याच्या पिनेला मात्र मशीनचं तेल खुशाल लावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पिस्तूल पत्र्याच्या खोलीत किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. आणि हवा दाबलेल्या अवस्थेत तर कधीच ठेवू नका. त्यात सीलही मरते आणि माणूसही मरू शकतो.

उन्हाचाच मुद्दा सिलिंडरवाल्या पिस्तुलाला जास्त लागतो. २५ अंशांना २०० बार भरलेली नळी बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापली तर दाब सव्वादोनशे बारच्या जवळ जातो. नळी त्यासाठी बनवलेली असते, लगेच काही होत नाही, पण तारीख उलटलेली, ठेचाळलेली, सेकंडहँड नळी अशी तापवायची माझी तरी हिंमत नाही. शिवाय ती भरायची कुठे? पुण्या-मुंबईत रेंजवर मोठं सिलिंडर ठेवलेलं असतं. अमळनेरला तुम्हाला स्वतःचा उच्च दाबाचा पंप घ्यावा लागेल, नाहीतर मोठं सिलिंडर भरून आणायला दरवेळी गाव सोडावं लागेल. चांगला पंप स्वस्त नाही आणि स्वस्त पंप नळीत पाण्याची वाफ सोडतो, मग आतून गंज. हा खर्च दुकानदाराने हिशेबात धरला का? पिस्तुलाची किंमत सांगताना हवेची किंमत कोणी सांगत नाही. रोज संध्याकाळी गच्चीवर किंवा गोडाउनमध्ये दहा मीटर आखून सराव करणाऱ्या मुलीला, वीज नको, बॅटरी नको, सिलिंडर नको असं पिस्तूल म्हणजे मोठी सोय आहे.

आता ४६एमच्या उण्या बाजूवर येतो, कारण ती आहेच आणि लपवण्यात अर्थ नाही.

पहिली, लीव्हर. सिलिंडरवाल्या पिस्तुलात पेलेट घाल, मिट, मार. इथे प्रत्येक गोळीला जोर लावायचा. स्पर्धेत ६० गोळ्या आणि त्याआधी साइटरच्या (गुण न धरल्या जाणाऱ्या, साइट जुळवायच्या) पंधरा-वीस, म्हणजे एका सामन्यात ऐंशीच्या घरात लीव्हर ओढायची. अकरावीच्या मुलीचा खांदा पन्नासाव्या गोळीला बोलायला लागतो. शेवटच्या दहाच्या मालिकेत तिचे गुण पडतात का बघा. पडत असतील तर कारण बहुतेक हेच. उपाय पिस्तूल बदलणं हा एकच नाही. लीव्हर ज्या हाताने ओढते त्या डाव्या हाताची ताकद वाढवा. जिममध्ये पाठवायची गरज नाही, रबराचा पट्टा दाराच्या कडीला बांधून ओढायचा व्यायाम पुरे. ओढताना कोपर शरीराजवळ ठेवायचं, पाठीचा जोर लावायचा, मनगटाचा नाही. अर्ध्यात हात कधीच सोडायचा नाही. दाबलेली हवा लीव्हर उलट फेकते आणि बोटं ठेचतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओढताना नळी लक्ष्याकडेच राहिली पाहिजे. जोर लावताना नवशिक्या मुलांची नळी शेजारच्या लेनकडे वळते आणि रेंज ऑफिसरची शिट्टी वाजते. त्याची ती शिट्टी बरोबर असते.

दुसरी, वेळ. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० गोळ्यांना ७५ मिनिटं मिळतात, कागदी टार्गेटवर दीड तास. म्हणजे इलेक्ट्रॉनिकवर एका गोळीला सव्वा मिनिट. लीव्हर, पेलेट, श्वास, उचल, नेम, आणि नको वाटलं तर खाली ठेवून पुन्हा उचल, यात सव्वा मिनिट पुरतं पण उरत नाही. जिल्ह्यात कागदावर खेळणाऱ्या मुलांना हे जाणवतच नाही, आणि पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर घड्याळ समोर चालू दिसलं की घाई सुरू होते. घरी सराव करतानाच ७५ मिनिटांचा गजर लावा. अंतिम फेरीत प्रकरण अजून कडक, तिथे एकेका गोळीला हुकुमावर ५० सेकंद. पण अंतिम फेरीत पोचणारी मुलगी ४६एमवर राहणारच नाही, ते पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट किरकोळ आहे पण गोंधळात टाकते. हे पिस्तूल बाहेरची हवा दाबतं, म्हणून हवा पातळ झाली की वेग किंचित उतरतो. पुणे जळगावपेक्षा साधारण साडेतीनशे मीटर उंचावर आहे. तिथे गेल्यावर ग्रुप एखाद मिलिमीटर इकडेतिकडे दिसला तर घाबरून होल्ड बदलायचा नाही. सामन्याआधी तयारी आणि साइटरसाठी १५ मिनिटं असतात, त्यात मागच्या साइटचा एखादा क्लिक फिरवून मोकळं व्हायचं.

चौथी, ग्रिप. यावर जरा जास्त बोलतो, कारण माझ्या मते गुण इथे अडकलेत. ४६एमची लाकडी मूठ सरासरी मोठ्या पुरुषाच्या हाताची आहे. सतरा वर्षांच्या मुलीचं ट्रिगरचं बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचत नाही, मग ती मूठ थोडी फिरवून धरते, मग नळी मनगटाच्या रेषेत राहत नाही आणि ट्रिगर सरळ मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताच्या खेळाडूच्या गोळ्या डावीकडे-खाली जाताना दिसल्या तर हे एक नेहमीचं कारण. मॉडेल बंद असल्याने लहान मापाची मूळ मूठ मिळणार नाही. पण मूठ म्हणजे लाकूड आहे, आणि आपल्याकडे सुतार आहेत. मूळ मूठ जपून ठेवायची, तिच्यावर हात चालवायचा नाही. नवी मूठ शिसवाची किंवा सागाची करून घ्यायची. आधी पिस्तुलाला बसणारी आतली खाच मूळ मुठीवरून तंतोतंत उतरवायची, मग बाहेरून जाड ठेवून थोडं थोडं घासत जायचं. दर वेळी मुलीने डोळे मिटून हात उचलायचा, उघडले की दोन्ही साइट आपोआप एका रेषेत दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर मूठ अजून चुकतेय. पोकळी राहिली तिथे लाकडी पुटी भरायची. हे एका बैठकीत होत नाही. सुताराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तिसऱ्या फेरीला दार उघडणार नाही.

मूठ करताना एक नियम गळ्यात बांधून घ्या. पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या खोक्यात बसलं पाहिजे. लांबी-उंचीचा प्रश्न येत नाही, ५० मिलिमीटरचा येतो. तळहाताखालचा आधार आणि अंगठ्याचा टेकू दोन्ही रुंद केले की मूठ ५२-५३ होते, घरी कोणाला कळत नाही, आणि सामन्याच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर खोकं बंद होत नाही. तिथे मग पालक कानशीने मूठ घासत बसतात. मुठीने मनगटाला आधार दिलेलाही चालत नाही. दोन पातळ लाकडी फळ्या ५० मिलिमीटर अंतरावर ठोकून घरीच एक चाचणी-खाच करून ठेवा.

त्याच टेबलावर ट्रिगरचं वजन बघतात. किमान ५०० ग्रॅम. नळी उभी धरून ट्रिगरला वजन लटकवतात. वजन उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. ४६एमचा ट्रिगर त्याच्या किमतीच्या मानाने फार सरस आहे, वजन, पहिला टप्पा, थांबा, सगळं स्क्रूने बदलतं. पण अगदी ५०० वर ठेवू नका. थंडीत, गर्मीत, प्रवासात तो थोडा हलतो. किराणा दुकानातल्या अचूक काट्यावर ५२० ग्रॅमची पिशवी करून तिच्यावर लावा. एकूण वजनाची मर्यादा १५०० ग्रॅम, हे पिस्तूल १३०० च्या आसपास, त्यामुळे नवी मूठ जड झाली तरी चिंता नाही. मुलीच्या खांद्याला मात्र हलकं बरं.

पैसे जर खर्च करायचेच असतील तर पेलेटवर करा. सपाट तोंडाचं, ४.५ मिलिमीटरचं मॅच पेलेट. दोन-तीन कंपन्यांचे डबे घेऊन, पिशवीवर पिस्तूल टेकवून, ग्रुप बघा. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, आणि महागडं पेलेट तुमच्या नळीला आवडेलच असं नाही. जे आवडलं त्याचे जास्त डबे एकदम घ्या. सरावाला पक्ष्यांवर मारायचे टोकदार छर्रे वापरू नका. कागदाला गोल भोक पडत नाही आणि गुण मोजताना भांडणं होतात. आणि ड्राय फायरिंग, म्हणजे रिकामा सराव. या पिस्तुलात हवा न दाबता नुसता ट्रिगर चढवता येतो. रोज पांढऱ्या भिंतीसमोर अर्धा तास. पेलेटचा खर्च शून्य, खांद्याला लीव्हर नाही. ५२० वरून ५४० वर जायला याहून स्वस्त रस्ता नाही.

आता पिस्तूल कधी बदलायचं. पॅरिसला २०२४ मध्ये मनू भाकरने पात्रता फेरीत ५८० केले आणि ब्राँझ घेतलं. त्याच्या तीन वर्षं आधी टोकियोत तिच्या पिस्तुलात ऐन सामन्यात बिघाड झाला, बराच वेळ दुरुस्तीत गेला, तरी ५७५ झाले आणि ती बाराव्या नंबरवर राहिली. दोन्ही वेळा हातात जगातलं उत्तम पिस्तूल होतं. म्हणजे महाग पिस्तूल बिघडत नाही असं नाही, आणि ५२० आणि ५८० मधले साठ गुण पिस्तुलात नसतात. माझा अंदाज असा, ४६एममध्ये ५६० पर्यंत मुलगी पोचू शकते. त्यापुढे लीव्हर आणि वेळ आडवे येतात. सलग काही सामन्यांत ५५० च्या वर स्थिरावली, राज्य स्पर्धेतून पुढे देशपातळीवरच्या मावळंकर नेमबाजी स्पर्धेचं तिकीट दिसू लागलं, की मग सिलिंडरवालं पिस्तूल घ्या. तेव्हा नवं घ्या, किंवा सेकंडहँड घेतलं तर चालू मॉडेल आणि नळीची तारीख निदान पाच-सहा वर्षं शिल्लक असलेलं. चांगलं युरोपीय पिस्तूल लाखाच्या बरंच पुढे जातं. तेवढे पैसे आज ५२० वर गुंतवायचे की दोन वर्षांनी ५५० वर, हे तुम्हीच ठरवा. पॅरिसनंतर, आणि मध्य रेल्वेच्या स्वप्निल कुसाळेचं रायफलमधलं ब्राँझ आल्यावर, आपल्या भागातही मुलांना रेंजवर आणणारे पालक वाढले. त्यांतले बरेच पहिल्याच महिन्यात महागडं पिस्तूल विचारतात. वर्षभराने तीच पिस्तुलं विकायला निघतात. तुमच्या मुलीला दोन वर्षांनी हवं असेल ते तिथून मिळेल.

४६एम तेव्हाही विकू नका. घरी ड्राय फायरिंगला राहू द्या, नाहीतर क्लबमधल्या पुढच्या मुलाला द्या. आणि कुठे दुसरं, बंद पडलेलं ४६एम मातीमोल भावात मिळालं तर सुट्या भागांसाठी आत्ताच उचलून ठेवा. घेताना ते साधं ४६ नाही, एम आहे, हे बघून घ्या. साध्या ४६ मध्ये हवा दाबायचं नळकांडं आखूड आहे, जोरही कमी.

कागदपत्रांबद्दल थोडं, कारण आपला भाग. ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या (ज्यूल हे गोळीच्या जोराचं माप) आतल्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही. तुमचं अर्ध्या ग्रॅमचं पेलेट १४० च्या वेगाने जेमतेम पाच ज्यूलचं, म्हणजे मर्यादेच्या पाव भागात. पण चोपड्याकडून सातपुड्याच्या सीमेवर गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण पेपरात सारख्या वाचतो, आणि नाक्यावरच्या हवालदाराने बॅगेत पिस्तूल पाहिलं तर तो आधी ज्यूल मोजत नाही. म्हणून सेकंडहँड व्यवहाराचा साधा कागद करून ठेवा: देणाऱ्याचं-घेणाऱ्याचं नाव, पिस्तुलावरचा नंबर, तारीख, दोघांच्या ओळखपत्राच्या प्रती. क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेचा प्रवेश अर्ज पेटीतच. एसटीत किंवा रेल्वेत पिस्तूल बंद पेटीत, पेलेटचा डबा वेगळा. मुलीला एकच ताकीद द्या, वर्गात मैत्रिणींना दाखवायला पेटी उघडायची नाही आणि हातात धरून फोटो टाकायचा नाही.

दुकानदाराकडे पिस्तूल अजून असेल तर उद्याच परत आणा, आणतानाच त्याच्यासमोर लीव्हर ओढून, साइट आणि मूठ तुमचीच आहे हे बघून घ्या. त्याने दाखवलेल्या सिलिंडरवाल्या पिस्तुलाची उत्सुकता असेल तर नळीवरची तारीख तेवढी वाचून या. ती तारीख कळवलीत तर ते पिस्तूल किती दिवस चालेल ते मी सांगेन. आणि जुनी ओ-रिंग फेकू नका, पाकिटात घालून ठेवा, माप घ्यायला तीच लागणार आहे.